सत्तेचाळिसावं नाव

शेहेचाळीस नावं हेदविकाबाईंनी एका बैठकीत लिहून काढली होती, आणि सत्तेचाळिसाव्यापाशी त्यांचं पेन नऊ दिवस अडून बसलं होतं.

आता ओल्शिंका म्हणजे गाव ते केवढं! दरीच्या तळाशी एकशे बारा माणसं, एक पाणचक्की, एक चर्च, बियरचा एक बार. पण नावं बघा. बांधाबांधाला नाव, चढाचढाला नाव. 'उपाशी' हे शेत, कारण तिथे रायचं धान्य पेरलं तरी हाती नुसता पेंढा येई. 'भिक्षूचा घाम' हा चढ, कारण मठातला एक जाडगेला भिक्षू तो चढताना तीन ठिकाणी बसायचा. 'स्वीडिश ताट' ही वाटोळी खळगी. चारशे वर्षांपूर्वी स्वीडनच्या शिपायांनी गावातली शेवटची गाय तिथे भाजून खाल्ली, आणि ती गाय गाव अजून विसरलेलं नाही. वर डोंगरावरचं व्हर्शोव मोठं, नऊशे वस्तीचं. पण त्यांच्या शिवारात नावं किती, तर एकोणीस. एकोणीस! ही गोष्ट हेदविकाबाई कुणी विचारो न विचारो, सगळ्यांना सांगत.

बाईंना एक्क्याऐंशी पूर्ण झाली होती. चौतीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत शिकवलं, शाळा बंद पडली तेव्हा गावची बखर त्यांच्याकडे आली. इथे प्रत्येक गावानं आपली बखर लिहायची असते, तसा कायदाच आहे. कुठे कारकून चार ओळी खरडतो आणि मोकळा होतो. बाईंचं तसं नव्हतं. कुणाच्या छपरावर वीज पडली, कुणाच्या मेंढीला तिळं झालं, कोणता सरपंच पिऊन ओढ्यात पडला, सगळं तारीखवार. तो ओढ्यात पडलेला सरपंच हात जोडून आला होता, तरी बाईंनी एक अक्षर खोडलं नाही.

दहाव्या दिवशी सध्याचा सरपंच झ्बिनेक दारात उभा राहिला. लाकडाच्या गिरणीचा मालक, सहा फुटी गडी, पण बाईंसमोर अजून तिसरीतला.

"बाई, यादी? उद्या मोजणीवाल्या बाई येणार. नव्या नकाशात सगळी नावं छापायची म्हणतायत. कायमची."

"बूट काढ आधी. यादी झालीय."

झ्बिनेकनं कागद उचलला, बोटानं मोजत खाली आला आणि थांबला. "शेहेचाळीस."

"मोजता येतं म्हणायचं तुला. माझे कष्ट वाया गेले नाहीत."

"बाई, मग झालं की! ते एक नाव राहू दे. कोण विचारतंय?"

"उद्या एखाद्यानं आपल्या आजोबाची चोरी बखरेतून काढ म्हटलं, तर मी काय सांगू? माझ्या बापाचं झाकलं, तुझंही झाकते?" बाईंचा आवाज चढला, मग एकदम बसला. "पण हात चालत नाही रे, झ्बिन्या. लिहायला घेते आणि हात चालत नाही."

ते नाव होतं 'विकलेली'. हद्दीवरचं कुरण, आणि त्यातच गावाचा जुना झरा. आवाज न करता वाहणारा, म्हणून त्याचं नाव 'मुका'. ते कुरण विकलं कुणी, तर हेदविकाबाईंच्या वडिलांनी, सिरिलनं. निदान गाव तसं म्हणे.

सिरिल गावचा शेवटचा शपथेचा माणूस. हद्दीचे दगड बसवायचे, राखायचे, दर दहा वर्षांनी पोरांना घेऊन हद्द फिरायची, हे काम शपथ घेतलेल्या चार माणसांचं असे. सत्तावन्न साली सहकारी शेतीच्या ट्रॅक्टरनं कुरणावरचा दगड उपटून काढला. सहकारीचं ऑफिस वर व्हर्शोवमध्ये. त्यांनी दगड झऱ्याच्या वर होता तो झऱ्याच्या खाली लावायला सांगितला. झरा आपोआप व्हर्शोवच्या गुरांना. सिरिलनं दगड लावला आणि 'दगड मूळ जागी आहे' अशा कागदावर सही केली. त्याच महिन्यात त्याच्या पोरीला, म्हणजे हेदविकाला, शिक्षिकेच्या शाळेत प्रवेश मिळाला. आदल्या वर्षी तोच प्रवेश नाकारला होता. गावानं दोन अधिक दोन केले आणि कुरणाचं नाव पाडलं.

म्हणजे बाईंची सगळी मास्तरकी त्या झऱ्याच्या पाण्यावर उभी. गावातली दोन पिढ्यांची पोरं त्यांच्या हाताखाली शिकली आणि घरी जाताना म्हणत, "आम्ही विकलेलीवरून पळत जाऊ." पोरांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! म्हाताऱ्यांना मात्र ठाऊक होतं. हद्दीचा दगड सरकवणारा मेल्यावर जळत्या अंगानं शिवारात फिरतो म्हणतात. शेजारच्या हुबर्टच्या आईनं तर शपथेवर सांगितलं होतं, सिरिलला कुरणावर पेटलेला पाहिला म्हणून. तेव्हा सिरिलला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

बाईंनी वडिलांना एकदाच विचारलं होतं, का केलंत म्हणून. ते कोयत्याला धार लावत होते. म्हणाले, "दगडाला विचार." बाईंना वाटलं, झिडकारलं. पुन्हा विचारलं नाही.

झ्बिनेक निघताना म्हणाला, "बाई, गेल्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या, टँकर आणायला लागला. मुका आपला असता तर? उद्या दगड तपासणार आहेत. तुम्ही याच."

"मी येऊन काय करू? बापाची सही ओळखू?"

पण गेल्या. जाणारच होत्या.

मे महिना होता, कुरणात गवत गुडघ्यापर्यंत आलेलं. मोजणीवाली बाई रादाना जिल्ह्याच्या गावाहून आली होती, तिशीची, उन्हानं नाक सोललेलं. व्हर्शोवचा सरपंच ओतमार आपली जीप थेट झऱ्याशी लावून उभा होता. हुबर्ट काठी टेकत आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण हुबर्टला न बोलावता काही होतं असं ओल्शिंकात आजवर घडलेलं नाही.

"हेदवा, तूही आलीस?" हुबर्ट म्हणाला.

"तुझी परवानगी घ्यायची राहिली."

ओतमारनं दगडावर थाप मारली. "हा दगड. हा कागद. ही सही. ओल्शिंकाच्याच माणसाची. तुमच्या सिरिलनं विकली आणि आता परत मागता? बाजारात दिलेला बैल कुणी परत मागतं का?"

झ्बिनेक पुढे सरसावला. बाईंनी त्याची बाही धरली. त्यांचे कान लाल झाले होते.

रादानानं कुणाकडे लक्ष दिलं नाही. "सही मी वाचलीय," ती म्हणाली. "आता दगड उचला."

"उचला? कशाला?" ओतमार म्हणाला.

"खाली साक्षीदार आहेत का बघायचे. जुन्या दगडाखाली नेहमी असतात. फुटकं कौल, काच, कोळसा. दगड हलवता येतो, पण खाली काय पुरलंय हे चोराला माहीत नसतं."

बाईंनी झ्बिनेकची बाही आणखी घट्ट धरली. साक्षीदारांचं त्यांना ठाऊक होतं. बखरेत सतराशे त्र्याऐंशीची नोंदच होती: 'साक्षीदारांवाचून दगड म्हणजे नुसता धोंडा.' बासष्ट वर्षं त्यांनी हा दगड उचलायचा विषय निघू दिला नव्हता, तो याच भीतीनं. सही काय, माणूस धाकानं करतो. पण सिरिलनं इथे साक्षीदारही पुरले असतील, तर त्यानं शपथेचं काम शपथेसारखं केलं, खोट्या जागी. मग तो विकणाराच. मग सत्तेचाळिसावं नाव त्यांना लिहावंच लागलं असतं, आणि लिहिलंही असतं त्यांनी.

"थांबा," त्या म्हणाल्या. सगळे थांबले. मग त्यांनी रुमालानं नाक पुसलं. "काही नाही. उचला."

पहारी लागल्या. दगड कुरकुरला, आडवा झाला. रादाना ओणवी होऊन खुरपीनं माती काढू लागली. एक वीत. दोन वीत. कोपरापर्यंत हात गेला. नुसती पिवळी माती.

"काही नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" ओतमार.

"म्हणजे काहीच नाही. कौल नाही, काच नाही. हा दगड कुणा नवख्यानं लावलाय?"

"नवख्यानं?" हुबर्ट खेकसला. "सिरिलनं लावलाय! त्यानं आयुष्यात तीसेक दगड बसवले. एक कोळसा कमी पडला तर घरी परत जायचा आणायला, असला किरकिऱ्या माणूस तो!" आणि एवढं बोलून हुबर्टचं तोंड उघडंच राहिलं. आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कळलं.

बाई खड्ड्याच्या काठाशी खाली बसल्या. दगडाला विचार, म्हणाले होते. कागदावर सही केली माणसानं, पोरीसाठी केली, पण जमिनीत खोटं पुरलं नाही. रिकामा दगड लावून आला. कधीतरी कुणीतरी उचलेल आणि वाचेल म्हणून वाट बघत गेला, आणि ज्या पोरीसाठी केलं तीच घाबरून बासष्ट वर्षं दगडाच्या आड उभी राहिली! बाईंना रडू फुटलं. लाजल्या नाहीत, मोठ्यानं रडल्या.

ओतमार टोपी काढून फिरवत होता. तो काही वाईट माणूस नव्हता, नुसता व्हर्शोवचा होता. "बरं," तो हळूच म्हणाला, "हा खोटा. पण मग खरी जागा कुठली? हे दाखवल्याशिवाय मी तरी गावाला काय सांगू?"

रादानानं जुन्या नकाशाची घडी उलगडली. "यावर रेघच अर्ध्या कुरणाएवढी जाड आहे. कुणाला आठवतंय का?"

"मला आठवतंय," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी तिथे थोबाडीत खाल्लीय."

झ्बिनेक, ओतमार, दोघांनीही मान डोलावली. दोघांच्याही आजोबांनी खाल्ली होती. रादाना मात्र बघत राहिली. तिला सांगितलं हुबर्टनं, आणि सांगताना त्याचा जुना जळफळाट वर आला. "हद्द फिरताना दगडापाशी एका पोराला सणसणीत ठेवून द्यायची रीत होती. का, तर जागा जन्मात विसरू नये. मान असायचा तो! शेहेचाळीस साली माझी पाळी होती. आणि आठवडाभर आधी सगळ्या पोरांना गोवर! मी अंथरुणात, आणि माझी थोबाडीत हिनं खाल्ली. मुलीनं! बापाच्याच हातची!"

"त्र्याहत्तर वर्षं झाली, अजून पचली नाही याला," बाई म्हणाल्या. "पुढे ये, हुबर्ट, हवी तर आता देते."

त्या उठल्या. आठ वर्षांची हेदविका, दोन वेण्या, वडिलांच्या हाताला तंबाखूचा वास. फाडकन बसली तशा डोळ्यांपुढे काजव्यांच्या रांगा, आणि काजवे गेल्यावर पहिलं दिसलं ते हे: खाली चर्चच्या टोकावरचा पत्र्याचा कोंबडा, पाणचक्कीच्या आढ्याच्या अगदी उजव्या टोकावर बसलेला. जणू चक्कीनंच पाळलाय. वडील म्हणाले होते, "काय दिसतंय? ते विसरायचं नाही." मग खसखशीचा मोठा कोलाच दिला होता हातात, गोड पावासारखा, अजून कोमट.

बाई गवतातून चढू लागल्या, खाली बघत, थांबत. झरा मागे पडला. ओतमारचा चेहरा उतरत चालला. झऱ्यापासून वीस-बावीस पावलांवर बाई उभ्या राहिल्या. "कोंबडा बसला. इथे."

खणलं. माती, एक गांडूळ, आणखी माती. चारही बाजूंनी खणलं. काही नाही.

ओतमारनं घसा साफ केला. "बाई, त्र्याहत्तर वर्षं म्हणजे..."

"मी विसरलेली नाही!"

"कोण म्हणतंय विसरलीस?" हुबर्ट काठी आपटत ओरडला. "पण तेव्हा तू केवढी होतीस? एवढीशी! माझ्या काखेत मावायचीस. आता ताडासारखी उभी राहून बघतेस, तर कोंबडा जागेवर कसा बसेल? गुडघ्यांवर बस, हेदवा. आठ वर्षांची हो."

अक्कल हुबर्टला होती, नुसती वापरत नसे. बाई झ्बिनेकचा खांदा धरून गुडघ्यांवर आल्या. आणि खरंच, कोंबडा आढ्याआड बुडाला, नुसता तुरा दिसत होता. मग काय, एक्क्याऐंशी वर्षांची बाई चर्चला घालायच्या ठेवणीतल्या स्कर्टनिशी त्या ओल्या गवतातून वर रांगत निघाली. कुणी हसलं नाही. एक हात, दोन हात, चार हात. तुरा वर आला, मान वर आली, पाय आले. कोंबडा आढ्यावर बसला.

"इथे," त्या म्हणाल्या. "इथेच मारलं मला."

दोन विती खाली रादानाची खुरपी खट्कन वाजली. तिनं हातांनी माती बाजूला केली. कोळसा, काळाभोर, जणू कालचा. हिरव्या बाटलीचं बूड. आणि कौलाचे तीन तुकडे. तिनं ते तळहातावर धुतले आणि कडेला कड लावली. तिन्ही बसले, केसाचीही फट नाही.

"एकाच कौलाचे, इथेच फोडलेले," ती म्हणाली. "संपला वाद. झरा ओल्शिंकाचा."

झ्बिनेकनं आपली टोपी हवेत उडवली. बाई मात्र तशाच गुडघ्यांवर, त्या कौलाकडे बघत. बखरेत राजे आले, शिपाई आले, पण त्या कौलाएवढं सरळ कुणी बोललं नव्हतं.

पुढच्या रविवारी दगड वर नेऊन बसवला. दोन्ही गावं लोटली, स्वयंपाक विसरून बायका आल्या. तेच साक्षीदार परत खाली ठेवले, माती ओढली, दगड ठोकून उभा केला. मग सगळे एकमेकांकडे बघू लागले. थोबाडीत कुणाला द्यायची?

"पोराला दिली तर आई पोलीस बोलावेल," कुणीतरी म्हणालं.

ओतमार गर्दीतून पुढे आला. तो दगडापाशी उभा राहिला, टोपी काढली आणि बाईंपुढे गाल केला. "तुमच्या वडिलांबद्दल जे निघालं ते याच तोंडून निघालं. मारा, बाई. व्हर्शोवला आठवण राहू दे."

"मी चौतीस वर्षांत एकाही पोराला हात लावलेला नाही."

"मग हात ताजा असेल."

बाईंनी तंबाखूच्या वासाच्या त्या हाताची आठवण केली आणि दिली ठेवून. आवाज चक्कीपर्यंत गेला म्हणतात. दोन्ही गावांनी टाळ्या पिटल्या, ओतमार गाल चोळत म्हणाला, "बाप रे, बाई! कोंबडे दोन दिसतायत!" त्याला खसखशीचा कोलाच दिला. मग पिंपंच्या पिंपं बियर गेली, आणि ते सगळं बखरेत आहे.

संध्याकाळी झ्बिनेक यादी मागायला आला. "आता 'सिरिलचं कुरण' लिहा, बाई. सगळ्यांनी ठरवलंय."

"सगळ्यांनी ठरवून नाव पडत नाही रे. 'विकलेली' तरी कुणी ठरवलं होतं? लोकांच्या तोंडी बसेल ते मी लिहीन. नाही बसलं तर जुनंच लिहीन."

"पण रादानाला परवा द्यायचीय!"

"मग परवा ये."

त्या रात्री बाईंना धड झोप लागली नाही. खोटं ठरलं म्हणून नाव थोडंच मरतं? साठ वर्षं जिभेवर रुळलेलं नाव होतं ते.

सोमवारी सकाळी त्या पायरीवर बटाटे सोलत बसल्या होत्या. हुबर्ट खांद्यावर कोयता टाकून कुंपणापाशी आला. चौऱ्याऐंशी वर्षांचा झाला तरी गवत स्वतः कापायचा, ट्रॅक्टरवाल्यांना शिव्या देत. बटाटा बाईंच्या हातात तसाच राहिला. हा गडी कुठे चाललाय ते त्यांना ठाऊक होतं. दर सोमवारी तिथेच जायचा, आणि दर सोमवारी त्या कुरणाचं नाव घेऊनच जायचा.

"हेदवा, काल रात्री दव फार पडलं का गं?" हुबर्ट म्हणाला. "चपराकीवरचं गवत वाळलं असेल का, कापायला जातोय."

"कुठलं?"

"चपराकीवरचं! बहिरी झालीस काय? पोरंसुद्धा मघाशी तिकडेच पळाली, चपराकीवर."

बाईंनी बटाटा टोपलीत ठेवला.

"वाळलंय," त्या म्हणाल्या. "जा."

मग त्या आत गेल्या, हात नीट पुसले, यादी पुढे ओढली आणि शेहेचाळिसाव्या नावाखाली सत्तेचाळिसावं लिहिलं.